कडू ताकाचे तीन दिवस

"आक्का, ताक कडू लागतंय का तुम्हाला?"

तानूआक्कांनी आपला पेला तोंडाला लावला. एक घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"न्हाई की."

"कडवट… शेवटी शेवटी?"

"ग्वाड हाय. कालच्यापरास ग्वाड हाय."

स्नेहलने पुन्हा एक घोट घेतला. कडूच होतं. फार नव्हे, गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी काहीतरी चिकटून राहावं एवढंच. पण ताक दोघींनी एकाच गाडग्यातलं घेतलं होतं. आक्कांनी तिच्यादेखत ओतलं होतं.

"म्हशीनं काही खाल्लं असेल का?"

"मग माझ्या पेल्यात पण आलं असतं की."

स्नेहलने पेला खाली ठेवला, ओट्याच्या फरशीवर त्याचा ठण्णकन आवाज झाला, आणि ती स्वतःच केलेल्या आवाजाला दचकली.

आक्का हसल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तिचं नाव 'दचकू' ठेवलं होतं. कौलावर फणसाचं पान पडलं तरी ही पोर उठून उभी राहायची.

"पी, दचकू. ऊन लई हाय."

स्नेहलने डोळे मिटून पेला रिकामा केला.

हा शनिवार होता.

तानूआक्कांचं घर गगनबावड्याच्या अलीकडे, डोंगराच्या काखेतल्या एका वाडीत. वय सत्तरीच्या पुढचं, पाठ अजून ताठ. दारावर पाटी नव्हती. परसात शतावरीचे काटेरी वेल होते, विहिरीच्या कडेला वाळा, कुंपणावर गुळवेल चढलेली. पाळी जायच्या वयातल्या बायका लांब लांबून त्यांच्याकडे यायच्या. कुणाला अंगातून वाफा, कुणाला झोप नाही, कुणी नुसतीच येऊन ओट्यावर बसून रडायची आणि चहा पिऊन परत जायची.

आक्का कुणाचा आजार खडखडीत बरा केल्याचं सांगत नसत. "ह्यो आजारच न्हाई," म्हणायच्या. "अंग घर बदलतंय. सामान हलतंय तवर आवाज व्हणारच."

स्नेहल कोल्हापूरची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., तेही पहिल्या वर्गात. आक्कांच्या परसातल्या बेचाळीस झाडांची नावं तिने पहिल्याच दिवशी वहीत उतरवली होती, आणि आक्कांना त्यातल्या तीन झाडांची जात चुकीची माहीत आहे हे तिने अगदी आदराने त्यांना सांगितलंही होतं.

आक्का म्हणाल्या होत्या, "आसंल."

"शिकायला आलेय," असं तिने सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं म्हणजे तिची आई.

शालन, वय एकोणपन्नास. बावीस वर्षं ब्लाऊज शिवत आलेली. तिच्या हातचा ब्लाऊज कधी दुरुस्तीला परत येत नाही असं गल्लीतल्या बायका सांगायच्या. वडील साखर कारखान्यावर, हंगाम संपेपर्यंत घरी कमीच. त्यामुळे पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि दोन्ही खोल्यांत आई.

ऐन थंडीत एका सकाळी स्नेहलला आईच्या काचेच्या बांगड्या खिडकीच्या गजाला अडकवलेल्या दिसल्या. सगळ्याच्या सगळ्या. आईचे हात भुंडे. वडिलांना काही झालं की काय, हेच पहिल्यांदा स्नेहलच्या मनात आलं.

"हात भाजतात गं त्यांनी," आई म्हणाली. "जरा वेळ काढून ठेवल्यात."

मग उशी भिजायला लागली. मग साबणाची जाहिरात बघून आईच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. मग एक दिवस आईने एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. त्या दोन डाव्या बाह्या मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ नुसती बसली होती.

"मला हल्ली माझंच खरं वाटत नाही," ती म्हणाली होती.

स्नेहलने औषधाचा विषय काढून बघितला. आईने तो तिथेच कापला. "मला काही झालेलं नाही. औषधाचं नाव काढू नकोस."

म्हणून स्नेहलने नाव काढलंच नाही.

तिने अकरा शोधनिबंध वाचले. चांगल्या दुकानातून शतावरीची पूड आणली. आणि रोज आईच्या दुधात एक चमचा ढवळायला सुरुवात केली. आईला न सांगता. महिनाभर.

"दुधाला मातीचा वास येतोय का गं?" आई विचारायची.

"नाही आई."

"कडवट आहे जरा…"

"काही नाही. नेहमीचंच आहे."

आक्कांकडे निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता आईने पुन्हा विचारलं, आणि स्नेहल वैतागली. "दुधात काही नाहीये, आई. तुझ्या जिभेचंच काहीतरी झालंय."

आईने पेला खाली ठेवला. सकाळी स्नेहल निघाली तेव्हा ती मशीनवर पाठमोरी बसली होती, वळली नाही. तेव्हापासून फोन उचलत नव्हती.

फरक पडत नाही म्हणजे शतावरी कमी पडतेय, असा स्नेहलचा हिशेब होता. आक्कांकडून याहून जोरकस काहीतरी घ्यायचं. आई बरी झाली की तिचा राग आपोआप जाईल.

शुक्रवारी आल्या आल्या तिने विषय काढला होता.

"माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, आक्का…"

"कोण बाई?"

"…आई."

"मग आई म्हण की."

"शतावरी चालू आहे तिला. महिना झाला. काहीच फरक नाही."

"ती काय म्हणती? कोऱ्या जिभेला मातकट लागती शतावरी. कडसर पण."

"तिला हल्ली चवच नीट कळत नाही."

बोलून गेल्यावर स्नेहलला वाटलं, काहीतरी चुकीचं निसटलं. पण आक्कांनी काही विचारलं नाही. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग खुंटीला अडकवलेल्या पेल्यांकडे बघत राहिल्या.

"ताक पितीस न्हवं?" एवढंच म्हणाल्या.

त्यांनी खुंटीवरचा एक पोचा पडलेला पेला काढला. "ह्यो तुझा. हितं हाईस तवर ह्यातच प्यायचं. च्या, पाणी, ताक, सगळं."

रविवारी सकाळी पाणीही कडू लागलं.

स्नेहलने कुणाला कळू न देता गुळाचा खडा तोंडात टाकून बघितला. गोड होता. मीठ खारट होतं. भाकरी भाकरीसारखी होती. मग चहा घेतला तर पुन्हा तेच, जिभेच्या मुळाशी तो चिकट कडूपणा.

वाडीत रेंज नव्हती. घरामागच्या टेकाडावर एक सपाट कातळ होता, तिथे उभं राहिलं तर दोन काड्या यायच्या. तिथे जाऊन तिने फोनवर तोंडाला कडू चव येण्याची कारणं शोधली. यकृत निघालं, मूत्रपिंड निघालं, मेंदूपर्यंत यादी गेली. सातव्या ओळीला तिने ती यादी बंद केली.

मग आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मेसेज पाठवला, "आई, जेवलीस का?" थोड्या वेळाने दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

खाली ओट्यावर कुणीतरी मोठ्याने बोलत होतं.

मंदाकिनी खोत, एसटीत कंडक्टर. सुट्टी म्हणून आल्या होत्या. साध्या साडीतही गाडीत उभं राहिल्यासारख्या पाय फाकवून उभ्या.

"आक्का, परवा भर गाडीत पेटले मी. मशीनमधनं तिकीट काढतेय, आणि मानेपासून वर भट्टी. एक म्हातारे म्हणतात, बाई, तुम्ही बसा, तिकिटं मी देतो."

"मग?"

"मग बसले. आणि बसल्या बसल्या रडले. मागच्या सीटवरच्या बायका आल्या पुढं, पदरानं वारा घालायला लागल्या. ड्रायव्हर विचारतोय, गाडी सोडू का? मी म्हटलं, मला काय विचारतोस, ह्यांना विचार."

"नवरा काय म्हणतो?"

"म्हणतो, उन्हाळा आहे, सगळ्यांनाच गरम होतंय."

"त्याला पण दिऊ थोडा वाळा. डोसक्यावर ठिवायला."

दोघी हसल्या. हसता हसताच आक्कांनी विचारायला सुरुवात केली, आणि विचारताना त्यांचा आवाज बदलला.

"पाळी कधीपासनं न्हाई?"

"गेल्या श्रावणापासून."

"वरीस झाल्यावर परत डाग दिसला तर हितं यायचं न्हाई. नीट डाक्टरीणबाईकडं जायचं. ते पाल्याचं काम न्हवं. बीपीची गोळी?"

"चालू आहे."

"सोडायची न्हाई. आन् माझं औषध घेतीस ते डाक्टरीणबाईला सांगायचं. लपवायचं न्हाई."

"नाही लपवत."

आक्का आतून डबा घेऊन आल्या. खोतबाईंचा उजवा हात धरला, तळवा वर केला आणि त्यावर चिमूटभर पूड ठेवली.

"ही शतावरी."

"अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस," स्नेहलच्या तोंडून गेलं.

खोतबाईंनी वळून बघितलं. "हे कुणाचं नाव?"

"तिचंच," आक्का म्हणाल्या. "शाळेतलं." मग पुन्हा तळव्याकडे. "मुळी हाय. वाळवून कुटलेली. सकाळच्याला दुधातनं. कुणाला लागू पडती, कुणाला न्हाई. बघ चाखून."

खोतबाईंनी जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं. "मातकट आहे."

"हाय. घेतीस?"

खोतबाई विचारात पडल्या. आक्का थांबल्या. डबा हातात, झाकण दुसऱ्या हातात. एक कोंबडी अंगणातून गेली, तीच कोंबडी परत आली. कुठलीच घाई नसल्यासारख्या आक्का नुसत्या थांबल्या होत्या.

"घेते," खोतबाई म्हणाल्या.

तेव्हा कुठे आक्कांनी पुडी बांधली. वाळ्याची जुडी दिली, माठात घालायला. "दीड महिन्यानं ये. न्हाई वाटला फरक तर तसं सांग. मला वाईट वाटंल म्हणून बरं वाटलं म्हणू नगंस."

"तिकिटाचे सुटे नसले तरी मी खोटं बोलत नाही, आक्का."

"त्ये म्हाईत हाय. म्हणून तर लोक भांडत्यात तुझ्याशी."

खोतबाई गेल्यावर आक्कांनी स्नेहलकडे मान वळवली.

"काय लिवलंस?"

स्नेहलने वही वाचून दाखवली. "शतावरी, एक चमचा, सकाळी, दुधातून. वाळा, पिण्याच्या पाण्यात. बीपीच्या गोळ्या चालू ठेवाव्यात."

"आणि?"

"आणि काय?"

"एवढंच झालं?"

स्नेहलने वहीवरून पुन्हा नजर फिरवली. काही राहिलं नव्हतं.

"हो. एवढंच."

आक्का उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. मग त्या ताकाचे दोन पेले घेऊन बाहेर आल्या आणि पोचा पडलेला तिच्यापुढे ठेवला.

स्नेहलने वास घेतला. घोट घेतला. कडू.

"आक्का… खरंच काही नाही ह्यात?"

"काई न्हाई. नेहमीचंच हाय."

त्या संध्याकाळी ती कातळावर चार वेळा जाऊन आली. चार वेळा आईचा फोन नुसता वाजत राहिला. तिने आरशात जीभ बाहेर काढून बघितली. स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून ठोके मोजले, चुकले, पुन्हा मोजले.

आक्का चुलीपुढे बसून हे सगळं बघत होत्या. त्यांच्या ताटातली भाकरी तशीच होती.

"जेवत नाही का, आक्का?"

"जाईना घशाखाली."

"तुम्हालाही कडू लागतंय?"

आक्कांनी तिच्याकडे बघितलं.

"लागतंय जरा," त्या म्हणाल्या, आणि ताट बाजूला सारलं.

सोमवारी सकाळी चहा झाला. आक्कांनी गूळ जास्त घातला होता, आलं ठेचून घातलं होतं. स्नेहलने पोचा पडलेला पेला दोन्ही हातांत धरला, पण तोंडाला लावेना.

"निवंल," आक्का म्हणाल्या.

तिने घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. कडूपणाने नव्हे, कडू लागणार हे आधीच माहीत होतं म्हणून.

"आक्का, तुमच्या पाया पडते, खरं सांगा. चहा कडू आहे का?"

"न्हाई."

"थोडासुद्धा नाही?"

"न्हाई गं पोरी. तुझ्या जिभंचंच काईतरी झालंय."

स्नेहलचा हात थांबला.

तेच शब्द. आक्कांना ते कुणी सांगितले नव्हते, कारण ते ज्या खोलीत बोलले गेले तिथे दोघीच होत्या.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "गूळ गोड लागतो, पाणी कडू लागतं. तुम्ही म्हणता काही नाही. मग माझंच… मला माझंच खरं वाटत नाही हो, आक्का."

ते वाक्य तिचं नव्हतं. ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं, मांडीवर दोन डाव्या बाह्या घेऊन बसलेल्या बाईचं. स्नेहलने मान वर केली आणि कोपऱ्यात बघितलं, जणू तिथे शिलाई मशीन असणार होतं.

कोपऱ्यात पाण्याची घागर होती.

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. तिच्या हातातला पेला काढून घेतला, चहा उंबऱ्याबाहेर ओतला. कुंपणाकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बोटाएवढा हिरवा, गाठाळ तुकडा होता. स्नेहलचा उजवा हात धरून त्यांनी तळवा वर केला, आणि तुकडा त्यावर ठेवला.

"ही गुळवेल."

स्नेहल तळव्याकडे बघत राहिली. झाडाचं शाळेतलं नाव तिला येत होतं. आठवलं नाही.

"तुझ्या पेल्याला आतनं चोळत हुते. शनवारपासनं."

"तुम्ही?"

"व्हय."

"तीन दिवस विचारतेय मी तुम्हाला."

"चौदा डाव इचारलंस."

"मोजलंत?"

"मोजलं."

"आणि चौदा वेळा नाही म्हणालात."

"व्हय."

"का पण?"

"तुझ्याच भल्यासाठी," आक्का म्हणाल्या. "अंगाला चांगली असती."

स्नेहल इतक्या झटक्यात उठली की बसायचा पाट उलटा झाला. "मला काय काय वाटलं माहितीये? काल संध्याकाळी मी यकृताच्या डॉक्टरांचे पत्ते बघत होते. मला सांगितलं असतंत तर मी हसत हसत प्यायले असते. गुळवेल काय, मी कुठलीही…"

ती मध्येच थांबली.

चुलीवर उरलेला चहा उतू जायच्या बेतात होता. दोघींपैकी कुणीच तो उतरवला नाही.

आक्का हळूहळू खाली बसल्या. आधी एक गुडघा, मग दुसरा. स्नेहलच्या पायांपाशी, सारवलेल्या जमिनीवर. आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपले दोन्ही कान धरले.

"चुकलं माझं."

"आक्का…"

"पन्नास वर्सं झाली पाला दितीया. न सांगता कुणाच्या तोंडात काय घातलं न्हवतं. तीन दिस भाकरी ग्वाड लागंना मला. चुकलं, पोरी."

"आक्का, उठा. असं नका करू." स्नेहल खाली बसली, त्यांचे हात कानांवरून काढायला लागली. निघेनात. म्हातारीच्या बोटांत भलताच जोर होता. "सोडा ना कान."

"आधी तू सोड मला."

"मी कुठं धरलंय तुम्हाला?"

आक्का कान धरून बसल्या. थांबल्या. जशा त्या खोतबाईंसाठी थांबल्या होत्या, तशाच.

स्नेहलला राग होताच अजून. तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. समोर पांढऱ्या केसांची बाई शाळेतल्या पोरीसारखी बसली होती, लुगड्याचा काठ चहात भिजलेला. मागे चहा उतू गेला, निखारे चर्र वाजले. स्नेहल दचकली, आणि दचकताना तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली.

"सोडलं," ती म्हणाली.

आक्कांनी कान सोडले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आक्का, मी आईला महिनाभर…"

"मला नगं सांगूस."

"पण मी तिच्या दुधात…"

"मला काय त्याचं? मी न्हाई प्याले त्ये दूध."

स्नेहलने पदराने पुसावं तसं ओढणीने तोंड पुसलं. मुठीत गुळवेलीचा तुकडा तसाच होता. ती उठली आणि घरामागच्या वाटेला लागली.

कातळ तापायला लागला होता. चैत्रातलं ऊन, खालच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या. तिने फोन उंच धरला. दोन काड्या आल्या. एक गेली. परत आली.

फोन वाजला, वाजला, बंद झाला.

मागून धापा टाकल्याचा आवाज आला. आक्का चढून आल्या होत्या, गुडघे धरत. त्या कातळाच्या कडेला बसल्या आणि पायातला काटा शोधायला लागल्या.

"उचलत नाही ती."

"वाजीव."

"तीन दिवस वाजवतेय."

"मग चौथ्या दिसी वाजीव."

तिने पुन्हा लावला. वाजत असताना तिचं तोंड चालूच होतं. "काय बोलू मी तिच्याशी? आधी माफी मागू? की आधी समजावून सांगू, की मी सगळा अभ्यास करून दिलं होतं, त्याने अपाय होत नाही, तिच्यासाठीच… आणि तिला वाटत होतं तिचं डोकं फिरतंय, आक्का. त्यात मी भर घातली. ती चार वेळा म्हणाली मातीचा वास येतोय. तिची जीभ बरोबर होती. तिचं सगळं बरोबर होतं."

आक्कांना काटा सापडला. त्यांनी तो नखात धरून उन्हात बघितला.

फोन बंद झाला.

"आक्का, काहीतरी बोला ना."

"बारका हाय काटा. दुखायचा मात्र लई."

स्नेहलने तिसऱ्यांदा लावला. या वेळी ती काही बोलली नाही. उकिडवी बसली, फोन कानाला, दुसऱ्या हाताची मूठ गुडघ्यावर. एकदा वाजला. चार वेळा. सहा वेळा. सातव्यांदा वाजणं मध्येच तुटलं, आणि कानात घरघर ऐकू आली.

शिलाई मशीनची घरघर.

ती हळू झाली. थांबली. मग काचेच्या बांगड्यांचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. नुसता श्वास आला.

"हं," आई म्हणाली.

बोल नाही, कशी आहेस नाही. एवढंच, हं.

स्नेहलने फोन वाजताना जुळवलेली वाक्यं होती. त्यातलं एकही जागेवर नव्हतं. तिने आक्कांकडे बघितलं.

आक्का सरकत सरकत जवळ आल्या. त्यांनी तिच्या गुडघ्यावरची मूठ हातात घेतली, एकेक बोट उलगडलं, तळवा आभाळाकडे केला. गुळवेलीचा तुकडा घामाने चिकटला होता, तो उचलून कातळावर ठेवला. आता तळव्यावर काहीच नव्हतं.

"मुळीचं नाव सांग," त्या हळूच म्हणाल्या. "आन् मग थांब."